भाट विकून मोटरचा पाय घ्यावा का?

गोव्यात साखळीजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. धाकटा भाऊ २९ वर्षांचा. मोटारसायकलच्या अपघातात डावा पाय मांडीच्या मध्यावर कापावा लागला, त्याला आता आठ महिने होत आले. एका शिबिरातून साधा पाय मिळाला आहे, पण तो घालून भाऊ अंगणाच्या पुढे जात नाही; 'काचतो' म्हणतो. मोबाईलवर त्याने मोटर बसवलेल्या रोबोटिक गुडघ्याचे व्हिडिओ पाहिलेत आणि वडील काजूचं भाट, म्हणजे बागायत, विकायला निघालेत. शिवाय आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू अजून कमजोर आहे. कमरेपासून पावलापर्यंत बांधायचा रोबोट, म्हणजे एक्सोस्केलेटन, घालून ती चालू शकेल का, हा दुसरा प्रश्न.

ताई, भाट विकू नका. निदान आज तरी नाही. मी प्रोस्थेटिस्ट आहे, मुंबईला हाजी अलीच्या संस्थेत शिकलो आणि गेली बरीच वर्षं फोंड्यात पाय बनवतो. भाऊ घरात बसून आहे तो सॉकेट, म्हणजे पायाचा वरचा कप, नीट बसत नाही म्हणून, असं तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्रीने वाटतं. पैसा घालायचाच तर आधी सॉकेट आणि त्याच्या आतला मोजा, म्हणजे लायनर, मग चालण्याचं प्रशिक्षण, मग चांगला गुडघा. मोटरचा विचार त्याच्याही नंतर, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत कदाचित कधीच नाही.

मांडीतून पाय गेलेल्या माणसाचा कृत्रिम पाय म्हणजे चार वस्तू: मांडीचा उरलेला भाग, म्हणजे स्टंप, ज्यात जातो ते सॉकेट, गुडघ्याचा जॉइंट, नळी आणि पाऊल. शेवटच्या तीन खोक्यातून येतात. सॉकेट मात्र त्या माणसाच्या मांडीवर प्लास्टर गुंडाळून, साचा काढून, घासून करावं लागतं. आता स्कॅनर आलेत, पण साच्यावर कुठे भर द्यायची आणि कुठे तासायचं हे ठरवायला अजून माणूसच लागतो. शरीराचं सगळं वजन या सॉकेटवर पडतं. आपला स्वतःचा पाय चांगला जड असतो, पण तो हाडांनी आणि स्नायूंनी जोडलेला असल्यामुळे जाणवत नाही. कृत्रिम पाय कातडीच्या आधाराने लटकतो, त्यामुळे दोन किलोही पाच किलोंसारखे वाटतात. सैल सॉकेटखाली मोटर लावली तर तेच ओझं वाढतं आणि काचणंही वाढतं.

सैल का होतं? ऑपरेशननंतर पहिलं वर्षभर स्टंप आटत असतो. सूज उतरते, वापरात नसलेले स्नायू बारीक होतात. तिसऱ्या महिन्यात माप घेऊन केलेलं सॉकेट आठव्या महिन्यात ढिलं होणारच. मग माणूस त्यात खाली सरकतो, सॉकेटची वरची कड जांघेत घुसते, स्टंपचं टोक तळाला आपटतं. पाय देणाऱ्यांचा यात दोष असेलच असं नाही. शिबिरात माप एकदा घेतात, फॉलो-अप मात्र कुणी करत नाही, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे. नवं सॉकेट होईपर्यंत ढिलेपणा स्टंपवर घालायच्या मोज्यांनी भरून काढायचा असतो: सकाळी एक, दुपारी सूज उतरली की आणखी एक. भावाला हे कुणी शिकवलंय का, ते आधी विचारा.

नवं सॉकेट करताना चेक सॉकेटचा आग्रह धरा. हे पारदर्शक प्लास्टिकचं असतं, फक्त तपासणीसाठी. त्यात उभं केल्यावर बाहेरून कातडी दिसते: दाब जास्त तिथे ती पांढरी पडते, आणि सॉकेट काढल्यावर तीच जागा लाल होते. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक, नाहीतर तिथे जागा करावी लागते. तळाशी मी मातीची छोटी गोळी ठेवतो, मुलं खेळतात त्या रंगीत मातीची. पेशंटने वजन टाकून पाय काढला की गोळी बघायची. तशीच गोल राहिली तर खाली पोकळी आहे. त्या पोकळीत स्टंप ओढला जाऊन काळानिळा पडतो. कागदासारखी सपाट झाली तर टोक आपटतंय. अर्धवट दबलेली हवी. हाड टोचतं तिथे लिपस्टिकचा ठिपका लावतो, तो सॉकेटच्या आत उमटतो आणि नेमकी तेवढीच जागा गरम करून फुगवता येते. ड्रॉवरमध्ये लिपस्टिक बघून नवे पेशंट हसतात. हे सगळं एका बैठकीत होत नाही. दोन-तीन फेऱ्यांची तयारी नसलेल्या माणसाकडून, तो कितीही मोठ्या कंपनीचा असो, पाय करून घेऊ नका.

लायनर म्हणजे सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायचा सिलिकॉनचा मोजा. गोव्यात याच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात लायनरच्या आत घाम साचतो आणि चालता चालता पाय निसटायला लागतो. दुपारी एकदा बाजूला बसून लायनर काढायचा, स्टंप पुसायचा, परत चढवायचा. यात लाजण्यासारखं काही नाही, पण तरुण मुलं लाजतात आणि जखमा करून घेतात. रोज रात्री सौम्य साबणाने धुवायचा. पावसाळ्यात वरचं कापड सकाळपर्यंत सुकत नाही, म्हणून लायनर दोन लागतात. रोजच्या वापरात लायनर वर्षभर टिकला तरी पुष्कळ. मोठी रक्कम गुडघ्यात ओतून पुढच्या वर्षी लायनरला पैसे उरले नाहीत, अशी घरं मी पाहिलीत. तो गुडघा मग पलंगाखाली जातो.

आता गुडघ्याकडे येऊ. व्हिडिओंमध्ये 'रोबोटिक', 'बायोनिक', 'एआय' असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. भाऊ मोटारसायकल चालवत होता ना, त्याला असं सांगा: मायक्रोप्रोसेसर गुडघा म्हणजे हुशार ब्रेक, आणि मोटरचा गुडघा म्हणजे इंजिन.

ब्रेकवाल्या गुडघ्यात तेलाचा सिलिंडर, तेलाची वाट कमी-जास्त उघडणारा व्हॉल्व्ह आणि गुडघ्याचा कोन व नळीवरचा भार मोजणारे सेन्सर असतात. सेकंदाला पन्नास-शंभर वेळा मोजणी होते आणि त्याप्रमाणे गुडघा आवळतो किंवा सुटतो. जर्मनीच्या ओटोबॉकने सी-लेग या नावाने असा गुडघा १९९७ साली आणला. आइसलँडच्या ऑसूर कंपनीच्या ऱ्हिओ नीमध्ये तेलाऐवजी लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळलेला द्रव असतो, तो चुंबकाच्या जोरावर घट्ट-पातळ होतो. हे गुडघे पायाला पुढे ढकलत नाहीत. पण ठेच लागली की क्षणात आवळतात, आणि उतारावर वजनाखाली हळूहळू वाकतात. त्यामुळे कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरावं लागत नाही. एकाआड एक पाऊल टाकता येतं.

गोव्यात याचं मोल फार. आपल्याकडे सपाट जागा आहे कुठे? घराच्या चिऱ्यांच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात, पावसात त्यांवर शेवाळ धरतं, देवळाकडे जायचा रस्ता चढाचा आणि फेरीबोटीचा रॅम्प भरती-ओहोटीप्रमाणे रोज वेगळ्या उतारावर. मांडीतून पाय गेलेला माणूस पडतो तो बहुधा उतरतानाच. माझा एक पेशंट सावई-वेरेंला कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, सांभाळतो. साध्या गुडघ्यावर तो पाटाच्या बांधावरून काठी घेऊन, नजर सतत पायाकडे ठेवून चालायचा. मायक्रोप्रोसेसर गुडघा बसवल्यावर पोफळीच्या शेंड्याकडे बघत चालायला लागला. त्याच्या चालण्याचा वेग फारसा वाढला नव्हता, पण मान वर झाली होती आणि मला तेवढं पुरे होतं.

इंजिनवाला गुडघा वेगळा. ऑसूरने पॉवर नी २००६ च्या सुमारास बाजारात आणला आणि नंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. तो खुर्चीतून उठताना खरोखर वर उचलतो आणि जिना चढताना ढकलतो. मोटरचं पाऊलही मिळतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले ह्यू हर यांचे स्वतःचे दोन्ही पाय १९८२ साली हिमदंशामुळे गुडघ्याखालून गेले. त्यांनी विकसित केलेला मोटरचा घोटा पुढे ओटोबॉककडे एम्पॉवर या नावाने आला. त्यामागचं गणित पक्कं आहे: चालताना पुढे ढकलण्याचं मोठं काम पोटरी करते, आणि साध्या कृत्रिम पावलाला पोटरी नसते. पण हे फायदे ज्यांना सर्वात जास्त होतात ते पेशंट वेगळे. ज्याचा उरलेला पाय कमजोर आहे, ज्याला खुर्चीतून उठताच येत नाही, त्याच्यासाठी मोटरला अर्थ आहे. २९ वर्षांच्या, दुसरा पाय ठणठणीत असलेल्या मुलाला तीच गोष्ट मांडीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू करून देऊ शकतात.

मोटर म्हणजे वजन, आवाज आणि रोजचं चार्जिंग. सी-लेगची चौथी आवृत्ती सव्वा किलोच्या आसपास आहे. पॉवर नी त्याच्या दुपटीहून जड. पावसाळ्यात सत्तरी-डिचोलीकडे रात्र-रात्र वीज नसते हे मी तुम्हाला सांगायला नको. बॅटरी संपली की मायक्रोप्रोसेसर गुडघा सहसा कडक होऊन सुरक्षित राहतो, घरी पोचता येतं. मोटरच्या गुडघ्याचं त्या वेळी काय होतं, ते विकणाऱ्याला समोर बॅटरी काढून दाखवायला लावा. सर्व्हिसिंगचंही विचारा: बिघाड झाला तर तो कुठे पाठवणार, किती आठवडे, आणि तोवर बदली गुडघा देणार का? बदली गुडघ्याचं लेखी घ्या. माझ्या एका पेशंटचा गुडघा दुरुस्तीला परदेशी गेला आणि ते महिने त्या माणसाने कुबड्यांवर काढले, गणपतीची चवथसुद्धा.

पाण्याचंही तसंच. 'वॉटरप्रूफ' म्हटलं की आपल्याकडे लोक थेट समुद्रात उतरतात. सी-लेग ४ पावसात भिजला, गोड्या पाण्यात चुकून बुडाला तरी चालतो. खाऱ्या पाण्यासाठी तो नाही. खाऱ्या पाण्यात उतरायचं तर ओटोबॉकच्याच जेनियम एक्स३ सारखा गुडघा लागतो, पण त्याची किंमत ऐकून भाट सोडाच, घरही विकावंसं वाटेल. नदीकाठच्या खाजन शेतातलं पाणी खारं, हे विसरू नका.

एक लहानसा भाग मात्र जरूर मागून घ्या: रोटेशन अडॅप्टर. सॉकेट आणि गुडघ्याच्या मधे बसतो. बटण दाबलं की नडगी बाजूला वळते आणि मांडी घालून बसता येतं. पाश्चात्त्य पद्धतीच्या पायांचं प्रशिक्षण घेतलेल्यांना हे सुचत नाही, कारण तिकडे कुणी पंगतीला बसत नाही. आपल्याकडे भजनाला, जेवायला, सत्यनारायणाला खाली बसता येणं म्हणजे परत माणसांत येणं. गाडीत बसताना, पॅंट बदलतानाही सोय होते. स्टंप फार लांब असेल तर जागा पुरत नाही. मांडीच्या मध्यावर कापलंय म्हणता, म्हणजे भावाला बहुधा बसेल. जयपूर फूट १९६८ साली रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी घडवला तो याच गरजेतून: उकिडवं बसायचं, अनवाणी चालायचं, चिखलात उतरायचं. आमच्या धंद्यातले काही लोक त्याला मागासलेला समजतात. मी नाही समजत.

देशी पर्यायांकडेही बघा. मद्रास आयआयटीने २०२२ मध्ये कदम नावाचा यांत्रिक गुडघा आणला. चार दांड्यांच्या रचनेचा, बॅटरीशिवाय चालणारा, आणि वाकतो भरपूर, त्यामुळे बसमध्ये अडचणीच्या सीटवरही बसता येतं. वर्षभरासाठी, स्टंप स्थिर होईपर्यंत, भावाला मी अशा प्रकारचाच गुडघा देईन. त्याच वर्षी इस्रोने आपण मायक्रोप्रोसेसर गुडघा बनवत असल्याचं जाहीर केलं. वजन १.६ किलो, त्यावर एक व्यक्ती साधारण १०० मीटर चालली. परदेशी गुडघे १० ते ६० लाखांना पडतात आणि आपला ४-५ लाखांत बसेल, असा त्यांचा अंदाज होता. त्याच्या भरवशावर भावाला बसवून ठेवू नका, पण किमती खालीच येणार आहेत, हे भाट न विकण्याचं आणखी एक कारण. गुडघा आणि सॉकेट सुटे असतात. आज चांगलं सॉकेट केलं तर त्याखालचा गुडघा उद्या बदलता येतो.

पैशाचं एक राहिलं. अपघात दुसऱ्या वाहनामुळे झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावलाय का? नसेल तर याच आठवड्यात वकिलाला भेटा, मुदतीचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ च्या एका निकालात, कृत्रिम पाय पाच-सहा वर्षंच टिकतो हे लक्षात घेऊन, पुढे बदलाव्या लागणाऱ्या पायाचा आणि देखभालीचा खर्चही भरपाईत धरला आहे. म्हणून एस्टिमेट घेताना फक्त पहिल्या पायाचं घेऊ नका. लायनर, सॉकेट बदल, दुरुस्ती, दर पाच-सहा वर्षांनी नवा गुडघा असं सगळं लिहून घ्या. पुष्कळ वकील एकच बिल जोडतात आणि माणूस आयुष्यभर ते भोगतो. दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढलं नसेल तर तेही काढून ठेवा.

आता आईबद्दल. एक्सोस्केलेटन पाहिले की कुणालाही भुरळ पडते. इस्रायलचा रीवॉक २०१४ साली अमेरिकेत घरगुती वापराला मान्यता मिळालेला पहिला. पण तो कमरेखाली लुळेपणा आलेल्यांसाठी आहे, आणि तो घालून दोन्ही हातांनी कुबड्या धराव्या लागतात. तुमच्या आईचा उजवा हातच कमजोर आहे. जपानचा हॅल कातडीवरून स्नायूंचे विद्युत संकेत ओळखून मदत करतो. अमेरिकेच्या एक्सो नावाच्या यंत्राला २०१६ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांसाठीही परवानगी मिळाली. ही दोन्ही मुख्यतः रुग्णालयात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वापरायची यंत्रं आहेत, पावलं पुन्हा पुन्हा टाकून घेण्यासाठी. घरी आणून चालायचं वाहन नव्हे. त्यात कंबर-गुडघ्याची मापं, वजनाची मर्यादा, हाडं ठिसूळ नकोत, कातडीवर जखम नको, अशा अटी असतात, आणि झटक्यानंतर दोन वर्षं कमी चाललेल्या बाईची हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी.

आईचं पाऊल चालताना खाली लोंबतं का, बोटं जमिनीला घासतात का, ते बघा. तसं असेल तर पोटरीमागून तळव्याखाली जाणारी प्लास्टिकची पट्टी, एएफओ, हा तिचा पहिला उपाय. मापाची केलेली हवी, दुकानातली तयार नको. त्यात बॅटरी नाही म्हणून कमी लेखू नका. २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी नुसत्या स्प्रिंगचं आणि क्लचचं, मोटर नसलेलं घोट्याचं साधन बनवलं आणि त्याने धडधाकट माणसांचीही चालण्याची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी वाचली. तिला साखरेचा त्रास आहे का, तेही लिहिलेलं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वात जास्त निघालं. तसं असेल तर पट्टी लावायच्या आधी तळव्याची संवेदना तपासून घ्या आणि रोज रात्री पाऊल उलटं करून बघा. माझ्याकडे मोटारसायकलवाल्यांपेक्षा साखरेमुळे पाय गेलेलेच जास्त येतात, आणि पुष्कळांची सुरुवात न कळलेल्या फोडापासून झालेली असते.

भावाने आजपासून करायचं ते असं. दिवसातून दोन-तीनदा, वीस-वीस मिनिटं पालथं झोपायचं. आठ महिने खुर्चीत बसून मांडी पुढे आखडली असेल तर जगातला कुठलाही गुडघा सरळ चालवू शकत नाही. स्टंपखाली उशी घ्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. रात्री क्रेप बॅंडेज किंवा श्रिंकर, म्हणजे स्टंप आवळून धरणारा मोजा, बांधून झोपायचं. नसलेला पाय दुखतो, बोटं मुरगळल्यासारखी वाटतात असं म्हणत असेल तर हसू नका आणि घाबरूही नका. ते खरं दुखणं असतं, त्यावर औषध आहे, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवा.

मायक्रोप्रोसेसर गुडघ्याची ट्रायल कंपन्या देतात. ती नव्या सॉकेटवरच घ्या, जुन्या ढिल्या सॉकेटवर घेतलेली ट्रायल फुकट. दुकानातल्या फरशीवर चालवून दाखवतील; तुम्ही जिना आणि उतार मागा. आणि येताना भाऊ रोज घालतो तीच चप्पल घेऊन या, नवे बूट नकोत. टाचेची उंची अर्धा इंच बदलली तरी पायाचं सगळं अलाइनमेंट बिघडतं.